बीरप्पाचा संबळ

आळंदात संबळ दोन प्रकारचा. एक गोंधळ्याच्या कमरेला बांधलेला असतो, तो वाजवला की वाजतो. दुसरा मालकाच्या गल्ल्यात असतो, तो मागितला तरी वाजत नाही. कन्नडमध्ये पगाराला संबळ म्हणतात, आणि आळंदात निम्मं गाव कन्नड बोलतं, निम्मं मराठी आणि उरलेलं निम्मं दोन्ही एकदम. अशा गावात एका शब्दाचे दोन अर्थ मोकाट फिरत असले, की कुणीतरी एक दिवस त्यांची टक्कर लावून देणारच. आमच्याकडे ते काम बीरप्पाने केलं.

मी आता बिदरला, गावाबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात हिशोब बघतो. इथे पगार बँकेत पडतो, मोबाइल टिंग करतो आणि काम संपतं. मध्यंतरी आमचा एक सुपरवायझर नोकरी सोडून शेजारच्याच गोदामात लागला, तर साहेबांनी त्याचा शेवटचा पगार अडकवला. मग दोघांची मोबाइलवर इंग्रजीत पत्रापत्री सुरू झाली. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, त्यामुळे भांडण कशाचं आहे हे दोघांनाही नीटसं कळत नव्हतं. ते बघून मला बीरप्पा इतका आठवला की जेवताना मी एकटाच हसायला लागलो.

मी मूळचा उदगीरचा. कन्नड माझ्या कानावरून गेलेलं होतं, आत शिरलं नव्हतं. आळंदच्या बसस्टँड रोडवर गुरुपादप्पांचं दुकान होतं, पाण्याच्या मोटारी, पाइप आणि फवारणीचे पंप असा माल. बिलं करायला माणूस पाहिजे असं कळलं म्हणून गेलो. गुरुपादप्पांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, झुपकेदार मिशा आणि हात कायम पंख्याच्या बटणाजवळ. गिऱ्हाईक आलं की पंखा सुरू, गिऱ्हाईक पायरी उतरलं की बंद. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "निनग संबळ एष्ट बेक?"

एष्ट म्हणजे किती आणि बेक म्हणजे पाहिजे, एवढं मला येत होतं. मी हात जोडून म्हणालो, "न्हाई अप्पा, संबळ नको. मला वाजवता येत न्हाई."

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. बिनपगारी कारकून स्वतःच्या पायांनी चालत आला याचा त्यांना आनंद झाला असावा, पण त्याला काय वाजवता येत नाही ते काही कळेना. तेवढ्यात काळ्या पाइपच्या भेंडोळ्यांमागून कुणीतरी खो खो हसलं. एक उंच, सडपातळ माणूस खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसत बाहेर आला.

"अप्पा, ठिवून घ्या ह्याला," तो म्हणाला. "फुकटात राबतो म्हनायलाय." मग मला म्हणाला, "आरं उदगीर, ते पगार इचारायलेत. संबळ म्हंजे पगार. आता माग, पन डबल माग. अप्पा निम्मा करत्यात."

हे सगळं अप्पांच्या देखत, मोठ्याने. मी डबल मागितला. अप्पांनी निम्मा केला. आणि त्या दिवसापासून दर महिन्याला पगार झाला की बीरप्पा मला विचारायचा, "काय उदगीर, आला का वाजवायला?"

उदगीर हे माझं नाव त्यानेच पाडलं. माणसांची नावं त्याच्या ध्यानात राहत नसत. गाव आणि मोटार मात्र पक्की राहायची. "या उमरगा, तीन हॉर्सची काय म्हनायलीय?" असं म्हणून तो गिऱ्हाइकाला पायरीवरच गाठायचा. गिऱ्हाईक मराठी असलं तर कन्नडमध्ये सुरुवात करायचा, कन्नड असलं तर मराठीत. माणूस गोंधळून हसायचा, आणि हसलेल्या माणसाला भाव सांगायला सोपं जातं असं त्याचं म्हणणं. मोटारीला तो कायम बाईमाणूस समजून बोलायचा. बंद पडलेली मोटार आली की शेजारी उकिडवा बसायचा, कान लावायचा आणि विचारायचा, "कामून रुसलीस बाई? कुनी काय बोललं का?" मग मालकाकडे असा बघायचा की तो बिचारा आपण होऊन सांगून टाकायचा, व्होल्टेज कमी असताना चालवली म्हणून.

बीरप्पाचं घराणं मेंढपाळांचं. आजोबा मेंढरं घेऊन अक्कलकोटपर्यंत जायचे, वडलांनी शेती धरली आणि ह्याने मोटारी. पण कळप हाकायची सवय काही जात नाही. बाजाराच्या दिवशी दुकानात दहा गिऱ्हाइकं एकदम घुसली की हा जिभेने टक्‌ असा आवाज काढायचा आणि लोक आपोआप बाजूला सरून रांगेत उभे राहायचे. त्यांचं त्यांना कळायचं नाही की आपण का सरलो. अप्पांना मात्र कळायचं, आणि ते मिशीत हसायचे.

एकदा अक्कलकोटकडचा एक शेतकरी तावातावाने नवा पंप परत घेऊन आला. पाणी ओढत नाही, फसवलंत, पैसे परत द्या, नाहीतर इथेच बसतो. अप्पांचा हात पंख्याच्या बटणावरच थबकला. बीरप्पाने पाण्यात सोडायचं टोक उलटं केलं, दोनदा आपटलं आणि आतून एक गलेलठ्ठ बेडूक टुणकन बाहेर पडला. बीरप्पा त्या शेतकऱ्याला गंभीरपणे म्हणाला, "पंप तुमचा, पन भाडेकरू कुनाचा? अप्पा तर भाडेकरूसकट इकत न्हाईत." तो शेतकरी इतका हसला की जाताना वीस फूट पाइप जास्तीचा घेऊन गेला. बेडकाला बीरप्पाने मागच्या गटारात सोडलं आणि आठवडाभर "भाडेकरू दिसला का?" अशी चौकशी करत राहिला.

अशा माणसाला कुणी का सोडेल? पण अप्पांचा एक दोष होता. माणसाला जीव लावायचे आणि पगार वाढवायचं विसरायचे. बीरप्पाने विषय काढला की म्हणायचे, "नाळे." म्हणजे उद्या. इकडे पूर्वी लोक भुताच्या भीतीने दारावर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहायचे. भूत ते वाचून परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचायचं. बीरप्पा म्हणायचा, "भूतबी एवढं सहन करत न्हाई अप्पा, जेवढं मी करायलोय."

आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, सिद्दण्णाचं दुकान होतं. माल तोच, भाव तोच. सिद्दण्णा म्हणजे अप्पांचा चुलतभाऊ. वाटणीत काहीतरी बिनसलं तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं; रोज सकाळी शटर उघडताना एकमेकांकडे पाठ करायची, एवढाच काय तो व्यवहार. त्या सिद्दण्णाने बीरप्पाला बोलावून जास्त पगार कबूल केला. आणि बीरप्पाला त्या वर्षी पैशाची खरीच निकड होती. त्याची मुलगी रेणुका घरात पहिली पदवीधर झाली होती आणि तिला कडगंचीच्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. फी आणि हॉस्टेलचे पैसे ऑगस्टअखेरीपर्यंत भरायचे होते. जूनचा आणि जुलैचा पगार अप्पांकडे राहिला होता, त्यात ते बरोब्बर बसत होतं.

बीरप्पाने अप्पांना सरळ सांगितलं. "अप्पा, एक तारखेपासून मी समोर चाललोय."

अप्पांचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. कलबुर्गीला चाललो म्हणाला असता, हैदराबादला म्हणाला असता, तर अप्पांनी शाल घातली असती. पण समोर! ते कन्नडमधून सुरू झाले, मध्ये उर्दूत गेले आणि मराठीत येऊन थांबले. "त्याच्या दुकानात? माझी गिऱ्हाइकं घेऊन? जा की, जा. पन आधी माझी गिऱ्हाइकं परत कर, मग संबळ माग!"

"गिऱ्हाइकं काय माझ्या खिशात हैत का अप्पा?"

"ते मला म्हाईत न्हाई. परत कर, संबळ घे."

बीरप्पा गेला. पण रोज संध्याकाळी, बाजार थंडावला की रस्ता ओलांडून यायचा, पायरीवर उभा राहायचा आणि पगार मागायचा. मग अर्धा-पाऊण तास दोघांची जुंपायची. अप्पा म्हणायचे, तुला मोटार उघडायला कुणी शिकवली? बीरप्पा म्हणायचा, तुम्हीच, पण तुमच्या मोटारी मिटवायला तर मीच शिकलो. मध्येच चहा यायचा, अप्पा रागारागाने त्यातला अर्धा बशीत ओतून पुढे सरकवायचे आणि तो रागारागाने प्यायचा. शेवटी अप्पा "नाळे बा" म्हणून पंखा बंद करायचे.

मी त्याला म्हणालो, "कलबुर्गीला कामगार खात्यात अर्ज करा, मी लिहून देतो."

"अर्ज केला तर अप्पा सायबाला उत्तर देतील," तो म्हणाला. "मला त्यांनी मला उत्तर द्यायला पायजे."

"मग सिद्दण्णाकडून उचल घ्या."

त्यावर मात्र तो हसला नाही. "उचल घेऊन गेलेलं मानूस गडी ऱ्हात न्हाई, तारन पडतंय. उद्या सिद्दण्णा म्हनाला ऊठ, तर उठायला लागतंय, बस म्हनाला तर बसायला. रेणुकाचं शिकनं तसल्या पैशानं नगं मला. माझ्या राबन्याचा पैसा हाय ना अप्पांकडं? तोच लागनार." महिनाअखेर तर तोंडावर आली होती.

आणि मग त्याला ते सुचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्ता ओलांडून आला. बरोबर एक म्हातारा शेतकरी, त्याचा हात ह्याने धरलेला. पायरीवर उभा राहून बीरप्पाने म्हाताऱ्याला पुढे केलं. "घ्या अप्पा. हे चिंचोली. एक परत."

अप्पांना काही कळेना. म्हाताऱ्याला त्याहून नाही. "मला पंप घ्यायचाय," तो म्हणाला, "ह्यो मला कुठं न्यायलाय?"

"काका, तुमी अप्पांचं गिऱ्हाईक. चुकून माझ्याकडं आलाव. अप्पांनी परत मागितलंय तुमाला."

"मागितलंय? मी काय उसनी आनलेली कुऱ्हाड हाय का?" म्हातारा भडकला आणि तरातरा समोरच्या दुकानात निघून गेला.

तासाभराने बीरप्पा पुन्हा हजर. "हे उमरगा. दोन परत." मग एक बाई आली, शेतातून थेट आलेली, डोक्यावर पदर घट्ट. "ह्या अक्का निंबाळच्या. अक्का, अप्पांना नमस्कार करा, तुमची सुटका झाली." अक्कांनी नमस्कार केला आणि विचारलं, इथे बीरप्पा नसतो का आता? नाही म्हटल्यावर त्याही गेल्या. मुगा-उडदाच्या फवारणीचे दिवस, रस्त्यावर ही गर्दी, आणि ह्या गर्दीतून बीरप्पा एकेका गिऱ्हाइकाला हाताला धरून पोचवत होता. समोरून सिद्दण्णा डोकं धरून ओरडला, "आरं, मी तुला गिऱ्हाईक आनायला ठिवलंय का पोचवायला?"

"जुनं निस्तरू द्या अण्णा," हा रस्त्याच्या मधूनच म्हणाला. "मग नवं करू."

अप्पा गल्ल्यावर बसून घामाघूम झाले होते. एवढी माणसं दुकानात येत होती की पंखा बंद करायला सवड नव्हती, आणि विकलं तर काहीच जात नव्हतं. मी बिलबुक उघडून बसलो होतो आणि हसू दाबण्यासाठी मला दोनदा गोदामात जाऊन यावं लागलं.

दुपारी मात्र कहर झाला. अंबादास गोंधळी फवारणीचा हातपंप घ्यायला बाजारात आला होता. जवळच कुठेतरी रात्रीचा गोंधळ ठरलेला, म्हणून संबळ बरोबर. बीरप्पाने त्याच्या कानात काय सांगितलं देव जाणे. आम्हाला एकदम संबळ ऐकू आला. बघतो तर रस्त्याच्या मधोमध अंबादास कमरेला संबळ बांधून कडाकडा वाजवत येतोय, पुढे बीरप्पा खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळून, आणि मागे अर्धा बाजार. मोटारसायकली थांबल्या. लोकांनी मोबाइल वर केले. वरात आमच्या पायरीशी येऊन थांबली, पण संबळ थांबेना.

"अप्पा," बीरप्पा त्या आवाजावर ओरडला, "हे शेवटचं गिऱ्हाईक! घ्या परत!"

अप्पा ताडकन उठले. विभूतीवरून घाम ओघळत होता. हात वर करून ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे गरजले, "ए! संबळ बंद कर!"

अंबादासचे हात थांबले. बीरप्पा एक पायरी वर चढला आणि अगदी नरमाईने म्हणाला, "संबळ तर तुमी कवाच बंद केलाय की अप्पा. आज जरा वाजायलाय, तर वाजू द्या."

आधी मराठीवाले हसले, कारण त्यांना संबळ दिसत होता. मग कन्नडवाले हसले, कारण त्यांना पगार ऐकू आला. मग एकमेकांना समजावून सांगत दोघेही पुन्हा हसले. सिद्दण्णासुद्धा हसला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो आमच्या दुकानाकडे तोंड करून उभा होता. मी अप्पांकडे बघत होतो. मिशा थरथरत होत्या. मला वाटलं आता काहीतरी फेकून मारतात. पण ते झटकन पाठ वळवून आत गेले, आणि मला त्यांचे गदगदणारे खांदे दिसले. हसत होते ते. फक्त बाजाराला दिसू द्यायचं नव्हतं.

चेहरा पुन्हा कडक करून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नोटा होत्या. दोन्ही महिन्यांच्या, पूर्ण. "मोजून घे."

"तुमी दिल्यात, मोजायच्या कामून?" बीरप्पाने नोटा कपाळाला लावल्या आणि वाकून अप्पांच्या पायाला हात लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने टॉवेलने उघडपणे पुसलं. अप्पा फक्त "जा" म्हणाले. अंबादासने हातपंप आमच्याकडूनच घेतला. त्या दिवसातलं ते आमचं एकुलतं एक बिल.

दुसऱ्या दिवशी बीरप्पा मोटारसायकलवर पत्र्याची ट्रंक बांधून रेणुकाला कडगंचीला सोडून आला. येताना पेढे आणले. आमच्या दुकानात मात्र ते स्वतः घेऊन आला नाही, सिद्दण्णाच्या माणसाकरवी पाठवले. भांडण मिटलं होतं, देणं-घेणं राहिलं नव्हतं; मग कोणत्या कारणाने येणार?

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण ते फार कंटाळवाणे होते. संध्याकाळी बाजार थंडावला की अप्पा अस्वस्थ व्हायचे. वर्तमानपत्र उघडायचे, मिटायचे. चहा आला की तो तसाच साय धरेपर्यंत पडून राहायचा. एका संध्याकाळी तर गिऱ्हाईक जाऊन बराच वेळ झाला तरी पंखा फिरतच राहिला. मी उठून बंद केला, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. समोर बीरप्पा चार माणसांत उभा राहून कसलीशी गोष्ट सांगत होता आणि ती चारही माणसं हसत होती.

"उदगीर," अप्पा म्हणाले. तेही मला आता तेच म्हणू लागले होते. "जा, त्याला सांगून ये. त्याचं थोडं ऱ्हायलंय म्हनाव."

"काय ऱ्हायलंय?"

"पैसे. हिशोबात चूक झाली."

"अप्पा, हिशोब मीच केलाय. एक रुपाया ऱ्हायला न्हाई."

"तुला कोन इचारायलंय?" ते एकदम खेकसले, आणि मग वर्तमानपत्रामागून हळूच म्हणाले, "किती ऱ्हायलंय ते सांगू नगंस."

मी रस्ता ओलांडला. महिन्याभराने बिदरला, ह्या कोळारच्या नोकरीला जायचं माझंही तेव्हा ठरत आलं होतं, आणि मी गेल्यावर अप्पा संध्याकाळी कुणाशी बोलणार हा विचार मलाही पडला होता. बीरप्पा मोटार उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. मी निरोप सांगितला.

"अप्पा म्हनले?" त्याने विचारलं. "सवता?"

"व्हय."

त्याने आमच्या दुकानाकडे पाहिलं. अप्पांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं होतं, आणि तिथूनही दिसत होतं की ते उलटं आहे. मग त्याने ग्रीसचे हात टॉवेलला खसाखसा पुसले आणि उठला.

"असल्या पैशाला घाई करू नये, उदगीर," तो म्हणाला. "एकदम दिलं तर संपून जाईल."

तो निघाला. मी मागेच राहिलो. अर्ध्या रस्त्यापर्यंत तो हसत होता. मग त्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, भुवया आवळल्या, मान ताठ केली आणि आमच्या पायरीला पाय लागायच्या आतच भांडायला सुरुवात केली.